अमेरिकेत शाळेचं प्रिन्सिपलपद: आधी परवाना बघा, मग विद्यापीठ

महाराष्ट्रात मुख्याध्यापक होण्याची वाट बहुतेक शिक्षकांना तोंडपाठ असते. खाजगी माध्यमिक शाळेत १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे पदवी आणि बी.एड. हवं, पाच वर्षांचा पूर्णवेळ शिकवण्याचा अनुभव हवा, त्यातली निदान दोन वर्षं बी.एड.नंतरची. त्यापुढे सेवाज्येष्ठतेच्या यादीत आपला नंबर कधी लागतो एवढाच प्रश्न. अमेरिकेतल्या सरकारी शाळांत ज्येष्ठतेने कुणी प्रिन्सिपल होत नाही. वीस वर्षं उत्तम शिकवलेल्या शिक्षकाकडे राज्याचं प्रशासकाचं वेगळं प्रमाणपत्र नसेल, तर व्हाइस प्रिन्सिपलच्या जागेसाठीही त्याचा विचार होत नाही. या प्रमाणपत्राकडे नेणारी पदव्युत्तर पदवी म्हणजे एज्युकेशनल लीडरशिपचं मास्टर्स.

इथे दोन गोष्टींची हमखास गल्लत होते. पदवी विद्यापीठ देतं, प्रमाणपत्र राज्य देतं. पदवी मिळाली म्हणजे प्रमाणपत्र मिळालं असं नाही, आणि एका राज्यात चालणारा अभ्यासक्रम शेजारच्या राज्यात चालेलच असंही नाही. देशभर चालणारा असा परवाना अमेरिकेत नाहीच. त्यामुळे शोधाची सुरुवात विद्यापीठांच्या रँकिंगने करणं म्हणजे उलट्या टोकाने सुरुवात करणं. जिथे नोकरी करायची त्या राज्याच्या अटी आधी वाचायच्या आणि त्यात बसणारा अभ्यासक्रम नंतर शोधायचा.

उदाहरणासाठी न्यू जर्सी घेऊ. एडिसन आणि जर्सी सिटीच्या आसपास मराठी घरं भरपूर आहेत, आणि तिथल्या शाळांत शिकवणाऱ्या मराठी बायकाही दिसतात. या राज्यात प्रिन्सिपलच्या प्रमाणपत्रासाठी पाच गोष्टी लागतात: मान्यताप्राप्त विद्यापीठाचं मास्टर्स, शाळा-नेतृत्वाशी संबंधित ३० पदव्युत्तर क्रेडिट, अभ्यासक्रमाच्या इतर कामाव्यतिरिक्त ३०० तासांची इंटर्नशिप, एसएलएलए ही शाळा-नेतृत्वाची परीक्षा आणि पाच वर्षांचा यशस्वी शैक्षणिक अनुभव. व्हाइस प्रिन्सिपललाही हेच प्रमाणपत्र लागतं.

अनुभवाची अट नीट वाचा. न्यू जर्सीचं किंवा दुसऱ्या राज्याचं तत्सम प्रमाणपत्र हातात असताना केलेली वर्षं धरली जातात. पुण्याच्या किंवा ठाण्याच्या शाळेतल्या दहा वर्षांच्या भरवशावर हिशेब मांडला तर तो शेवटच्या टप्प्यावर कोसळतो. मात्र पाच वर्षं पूर्ण व्हायला हवीत ती प्रमाणपत्राचा अर्ज करताना, प्रवेश घेताना नव्हे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मास्टर्स सुरू केलं की संध्याकाळच्या वर्गांनी पाचव्या वर्षाच्या सुमाराला दोन्ही गोष्टी एकदम पुऱ्या होतात. बहुतेक शहाणी माणसं हेच वेळापत्रक धरतात.

वाटेत एक छोटं स्टेशन आहे, आणि पुष्कळ जण ते न बघताच पुढे जातात. सुपरवायझरचं प्रमाणपत्र. त्यासाठी मास्टर्स, तीन वर्षांचा अनुभव आणि १२ क्रेडिट लागतात. त्यातली तीन शिक्षकांच्या पर्यवेक्षणाची, तीन अभ्यासक्रम-विकासाची आणि उरलेली सहा याच दोन क्षेत्रांतली. परीक्षा नाही. शिक्षकांचं अधिकृत मूल्यमापन करायचं असेल तर न्यू जर्सीत प्रशासकीय प्रमाणपत्र लागतं, आणि त्यातलं सगळ्यात लवकर मिळणारं हेच. गणिताचा किंवा भाषेचा सुपरवायझर म्हणून काम केलेला उमेदवार प्रिन्सिपलच्या मुलाखतीत वर्गातून थेट आलेल्या उमेदवारापेक्षा ठळक दिसतो. त्यामुळे आधीचं दुसऱ्या विषयातलं मास्टर्स असेल, तर लीडरशिपच्या अभ्यासक्रमातली ही १२ क्रेडिट आधी उरकायची आणि तीन वर्षं भरली की लगेच अर्ज टाकायचा.

दुसऱ्या विषयातलं मास्टर्स असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासायला हवी. गणितात किंवा इंग्रजीत एम.ए., एम.एस्सी. झालेल्यांना पुन्हा पूर्ण मास्टर्स करावंच लागतं असं नाही. शैक्षणिक प्रशासनातला पोस्ट-मास्टर्स अभ्यासक्रम करूनही अट पुरी होऊ शकते. राज्यातल्या प्रिन्सिपल आणि सुपरवायझरांच्या संघटनेचा एनजे एक्सेल हा कार्यक्रमही अशाच, आधी मास्टर्स असलेल्या लोकांसाठी आहे. हे न विचारता ३६ क्रेडिटची दुसरी पदवी घेतली तर पैसे आणि दोन वर्षं दोन्ही फुकट जाऊ शकतात.

इतर राज्यांचं गणित निराळं आहे. टेक्सासमध्ये मास्टर्स, वर्गशिक्षकाचं वैध प्रमाणपत्र आणि दोन वर्षांचा अनुभव पुरतो. इंटर्नशिपऐवजी १६० तासांचं प्रॅक्टिकम, म्हणजे देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम, असतं. पण परीक्षा दोन: एक लेखी, आणि दुसरी पासल नावाची, ज्यात प्रत्यक्ष शाळेत केलेल्या कामाची तीन टास्क पुराव्यांसह पाठवायची असतात. कॅलिफोर्नियात अनुभव पुन्हा पाच वर्षांचा, आणि कॅलएपीए हे तीन टप्प्यांचं प्रत्यक्ष कामाचं मूल्यमापन. न्यू जर्सीचं स्टँडर्ड प्रमाणपत्र एकदा मिळालं की कायमचं. टेक्सासचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि प्रिन्सिपलला त्यासाठी २०० तासांचं प्रशिक्षण दाखवावं लागतं.

ऑनलाइन अभ्यासक्रमांत लोक फसतात ते याच फरकांमुळे. विद्यापीठ दुसऱ्या राज्यातलं, फी कमी, वर्ग सगळे रात्री. पदवी अगदी खरी आणि मान्यताप्राप्त, पण त्यातली इंटर्नशिप १५० तासांची. न्यू जर्सीला हव्यात ३००. उरलेले तास नंतर कुणाच्या देखरेखीखाली भरायचे याचं उत्तर कुणाकडेच नसतं. परवान्याकडे नेणारा अभ्यासक्रम कुठल्या राज्याच्या अटी पुऱ्या करतो हे विद्यापीठांना जाहीर करावं लागतं. त्यांच्या संकेतस्थळावर प्रोफेशनल लायसन्शर डिस्क्लोजर नावाचं पान शोधा, त्यात आपल्या राज्यासमोर काय लिहिलंय ते बघा, आणि तेच प्रवेश कार्यालयाकडून ईमेलवर लेखी घ्या. फोनवरच्या गोड आश्वासनाचा पुढे काही उपयोग होत नाही.

भारतातून थेट एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर ही पदवी घ्यायला जाणाऱ्यांना स्पष्टच सांगायला हवं: प्रिन्सिपलचा परवाना हे उद्दिष्ट असेल तर हा रस्ता चुकीचा आहे. अमेरिकन शिक्षकाचं प्रमाणपत्र नाही, त्यामुळे मोजता येईल असा अनुभव नाही, म्हणजे पदवी हाती येऊनही अर्ज करता येत नाही. शिवाय एफ-१ वर पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रम चालत नाही. दर सत्रात एकच ऑनलाइन विषय पूर्णवेळाच्या हिशेबात धरला जातो. शिक्षणक्षेत्रातल्या स्वयंसेवी संस्थेत, धोरणाच्या कामात किंवा भारतात परत येऊन खाजगी शाळेत काम करायचं असेल तर पदवीचा उपयोग आहे. पण मग परवान्याकडे नेणारा अभ्यासक्रम न घेता धोरण किंवा संस्था-व्यवस्थापनाकडे झुकणारा घ्यावा. एच-४ वर, म्हणजे एच-१बी नोकरी-व्हिसा असलेल्याचा जोडीदार म्हणून, असलेल्यांना वेगळा विद्यार्थी व्हिसा न काढता शिकता येतं. पगारी नोकरीसाठी मात्र कामाची परवानगी हवी, आणि पाच वर्षांचा अनुभव तर नोकरीतूनच येतो.

अर्जाची कागदपत्रं

रटगर्स, माँटक्लेअर स्टेट, रोवन, सेटन हॉल अशा विद्यापीठांत या विषयाचे अभ्यासक्रम आहेत. अर्जात साधारण सारखंच मागतात: ट्रान्स्क्रिप्ट (विद्यापीठाने दिलेली गुणांची अधिकृत नोंद), रेझ्युमे, उद्देशपत्र, दोन-तीन शिफारसपत्रं आणि शिक्षक-प्रमाणपत्राची प्रत. जीआरई ही प्रवेशपरीक्षा बहुतेक ठिकाणी आता मागत नाहीत.

भारतातल्या पदवीवाल्यांचा सगळ्यात जास्त वेळ खातं ते ट्रान्स्क्रिप्ट. भारतातल्या शिक्षणाचं अमेरिकन पद्धतीने विषयवार मूल्यांकन करून घ्यावं लागतं, आणि मूल्यांकन करणारी संस्था विद्यापीठाकडून सीलबंद किंवा थेट ऑनलाइन आलेलेच कागद धरते. घरच्या फाइलमधली मूळ मार्कलिस्ट कितीही जपून ठेवलेली असली तरी तिची झेरॉक्स चालत नाही. दुसरी अडचण तीन वर्षांच्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ची. काही मूल्यांकन संस्था ती अमेरिकेच्या चार वर्षांच्या पदवीइतकी धरत नाहीत. एम.ए., एम.एस्सी. किंवा बी.एड. जोडलं की चित्र बहुधा सुधारतं, म्हणून सगळ्या पदव्या एकदमच मूल्यांकनाला द्याव्यात. फक्त पहिली पदवी पाठवून शुल्क वाचवायला गेलं की अहवाल अपुरा येतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

तिसरी अडचण नावाची. मार्कलिस्टवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव, काही विद्यापीठांत पुढे आईचंही. लग्नानंतर पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं आणि आडनाव सासरचं. कागद तपासणाऱ्या अमेरिकन कारकुनाला या दोन वेगळ्या बायका वाटतात, आणि त्यात त्याचा दोष नाही. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि नावबदल केला असेल तर राजपत्राची प्रत अर्जाबरोबरच जोडावी. विचारणा येईपर्यंत थांबलं तर प्रवेशाची मुदत टळू शकते.

उद्देशपत्रात बहुतेक जण मुलांवरच्या प्रेमाबद्दल लिहितात. निवड समितीला ते प्रेम गृहीतच असतं. तिला बघायचं असतं ते हे की आपल्या वर्गाबाहेरची, मोठ्या माणसांची एखादी अडचण तुम्ही हाताळली आहे का. "मला शाळेत सकारात्मक बदल घडवायचा आहे" या वाक्याने काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहिता येतं: सहावीच्या चार शिक्षकांच्या अपूर्णांकांच्या चाचण्या वेगवेगळ्या होत्या, त्यामुळे निकालांची तुलना करता येत नव्हती, दर सहा आठवड्यांनी एकच समान चाचणी घ्यायचं ठरवलं, एका सहकाऱ्याचा विरोध होता, त्याचं म्हणणं अमुक होतं, म्हणून चाचणी छोटी केली. यात आकडा आहे, मतभेद आहे आणि तडजोड आहे. प्रशासकाचं रोजचं काम याहून फार वेगळं नसतं.

शिफारसपत्रांपैकी एक आपल्या सध्याच्या प्रिन्सिपलचं हवंच. ते मागायला लोक कचरतात, पण या निमित्ताने दुसरंही काम होतं. पुढची इंटर्नशिप बहुतेक वेळा याच शाळेत, याच माणसाच्या देखरेखीखाली करायची असते. त्याची तयारी नसेल तर ते प्रवेशाआधीच कळलेलं बरं.

पैसे

फीचा आकडा बघताना क्रेडिटचा दर गुणिले क्रेडिट एवढ्यावर थांबू नका. तंत्रज्ञान शुल्क, विद्यार्थी शुल्क, इंटर्नशिपचं शुल्क, परीक्षेचे चारशेहून जास्त डॉलर आणि प्रमाणपत्राच्या अर्जाची फी धरूनच तुलना करा. स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे स्थानिक सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, करारात बहुधा शिक्षणासाठी मदत असते, आणि वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतच्या अशा मदतीवर अमेरिकेच्या केंद्र सरकारचा आयकर लागत नाही. न्यू जर्सीत २०१० च्या कायद्याने या मदतीला अटी घातल्या: कोर्स सुरू होण्याआधी सुपरिंटेंडेंटची, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाची, मंजुरी हवी, आणि कोर्स सध्याच्या किंवा पुढच्या कामाशी संबंधित हवा. आधी वर्ग सुरू केले आणि नंतर पावत्या दिल्या, तर करारात काहीही लिहिलेलं असो, पैसे अडतात. पदवीनंतर पगाराच्या तक्त्यात वरच्या रकान्यात सरकायचं असेल तरी हीच मंजुरी लागते.

अमेरिकेच्या केंद्र सरकारचं शैक्षणिक कर्ज नागरिकांना आणि ग्रीनकार्डधारकांना मिळतं. एच-१बी, एच-४ किंवा एफ-१ वाल्यांना नाही. १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांसाठी ग्रॅड प्लस ही पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीची कर्ज योजनाही बंद, आणि मास्टर्ससाठी मर्यादा वर्षाला २०,५०० डॉलर.

तीनशे तास

वर्गातला अभ्यास फारसा अवघड नसतो. शालेय कायदा, अर्थसंकल्प, अभ्यासक्रम, पर्यवेक्षण, आकडेवारीचा वापर असे विषय असतात. सगळ्याच्या मुळाशी शाळाप्रमुखांच्या कामासाठीची २०१५ ची पीएसईएल ही दहा मानकं आणि त्यांवर बेतलेली, त्यांना घडवणाऱ्या अभ्यासक्रमांसाठीची २०१८ ची एनईएलपी मानकं. सरासरी बी श्रेणी टिकवली आणि अपूर्ण राहिलेला विषय मुदतीत पुरा केला की निभावतं. माणसं अडकतात ती इंटर्नशिपमध्ये.

शाळेचं वर्ष सुमारे १८० दिवसांचं. ३०० तास एका वर्षात भरायचे तर रोज एक तास चाळीस मिनिटं, तीही पूर्णवेळ शिकवून. शिक्षकाला दिवसात मोकळा तास एखादाच, आणि स्वतःच्या वर्गात शिकवलेले तास यात धरत नाहीत. त्यामुळे सप्टेंबरमध्ये "बघू पुढे" म्हणणारा एप्रिलमध्ये तास शोधत बस ड्युटी आणि जेवणाच्या सुट्टीतली राखण नोंदवायला लागतो. विद्यापीठाचा पर्यवेक्षक असे तास खोडतो, आणि त्याचं बरोबरच आहे. उन्हाळा सुरू होण्याआधीच मार्गदर्शक प्रिन्सिपलबरोबर बसून वर्षाचा आराखडा करावा. उन्हाळी शाळा, जुलै-ऑगस्टमधलं वेळापत्रक बांधण्याचं काम, नव्या शिक्षकांचं प्रशिक्षण यांत तास झपाट्याने भरतात, आणि ही कामं खरी प्रशासकीय असतात.

नोंद कशी करायची तेही शिकावं लागतं. "छळवणूक-विरोधी बैठक, २ तास" ही नोंद कमजोर. न्यू जर्सीच्या कायद्यात छळवणुकीची तक्रार आली की एका शालेय दिवसाच्या आत चौकशी सुरू व्हावी लागते आणि लेखी अहवालापासून दहा शालेय दिवसांत ती पुरी करावी लागते. चांगल्या नोंदीत असं दिसतं: तक्रार कधी आली, चौकशी कुणी केली, साक्षी घेताना आपण काय टिपलं, कुठल्या दिवशी मुदत संपत होती, पालकांना कळवताना काय सांगता आलं आणि गोपनीयतेमुळे काय सांगता आलं नाही, आणि हे कुठल्या मानकाशी जोडलं जातं. मुलांची नावं मात्र कुठेही लिहायची नाहीत. विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा १९७४ चा फेर्पा कायदा इंटर्नलाही लागू पडतो.

वर्गनिरीक्षणातही एक मर्यादा आहे. प्रमाणपत्र नसताना इंटर्नला सहकाऱ्याचं अधिकृत मूल्यमापन करता येत नाही. प्रिन्सिपलच्या बरोबर बसायचं, स्वतःचे गुण वेगळ्या कागदावर द्यायचे आणि नंतर दोघांचे ताडून बघायचे. या ताडण्यातून जेवढं शिकायला मिळतं तेवढं पुस्तकातून मिळत नाही. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या आयईपी (वैयक्तिक शिक्षण आराखडा) बैठका, अशा मुलांची तपासणी करणाऱ्या चाइल्ड स्टडी टीमबरोबरचं काम, दर महिन्याची आगीची एक आणि सुरक्षेची एक कवायत, हे सगळं आराखड्यात असावं. मार्गदर्शक मध्येच बदली होऊन किंवा निवृत्त होऊन गेला तर झालेल्या तासांवर त्याची सही राहून जाते. म्हणून सही दर महिन्याला घ्यायची.

परीक्षा

एसएलएलए, क्रमांक ६९९०, चार तासांची. पहिल्या भागात १२० बहुपर्यायी प्रश्न १६५ मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला जेमतेम ऐंशी सेकंद. दुसऱ्या भागात चार लेखी उत्तरं ७५ मिनिटांत. लेखी भागाचं वजन २५ टक्के. गुण १०० ते २०० च्या पट्टीवर, आणि न्यू जर्सीत १५१ लागतात.

लेखी भागात अनुभवी शिक्षकांचेच गुण जातात. प्रश्नाबरोबर शाळेची कागदपत्रं आणि तक्ते दिलेले असतात, आणि उत्तर त्यांतल्या पुराव्यावर उभं राहायला हवं. लोक मात्र स्वतःच्या शाळेत काय केलं असतं ते लिहितात. तक्त्यात इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचे गुण दोन वर्षं घसरलेले दिसत असतील तर तो आकडा उत्तरात यायला हवा, मग कृती, मग त्या कृतीचा परिणाम कशावरून मोजणार ते. बहुपर्यायी प्रश्नांत "प्रिन्सिपलने सर्वात आधी काय करावं" असं विचारलं की माहिती गोळा करणं, संबंधितांशी बोलणं हे पर्याय बहुधा आदेश काढण्याच्या आधी येतात. सुरक्षेचा प्रश्न असेल तर मात्र क्रम उलटतो.

पर्यवेक्षण, कायदा आणि अर्थसंकल्प हे तीन विषय झाल्यावर परीक्षा द्यावी. पदवी मिळून दोन वर्षं गेल्यावर बसणाऱ्याला सगळं नव्याने वाचावं लागतं.

हाती काय येतं

सगळं जमलं की न्यू जर्सी आधी सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी देतं, म्हणजे नोकरी शोधायची पात्रता. ते संपत नाही. नोकरी मिळाली की तात्पुरतं प्रमाणपत्र, मग मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली दोन वर्षांची रेसिडेन्सी, आणि ती पुरी झाली की स्टँडर्ड प्रमाणपत्र. म्हणून पहिली नोकरी निवडताना पगाराइतकंच हेही विचारावं की रेसिडेन्सीच्या मार्गदर्शकाची फी डिस्ट्रिक्ट भरतं की उमेदवार. खाजगी शाळांना हे प्रमाणपत्र सक्तीचं नाही.

डॉक्टरेटबद्दल थोडंसं. सुपरिंटेंडेंट व्हायचं असेल तर एड.डी.चा उपयोग होतो, पण प्रिन्सिपल व्हायला ती लागत नाही. नोकरी करत करत घ्यायची ही व्यावसायिक डॉक्टरेट. एड.डी.ची नव्याने आखणी करणाऱ्या, २००७ पासूनच्या कार्नेगी प्रकल्पाशी जोडलेल्या अनेक विद्यापीठांनी तिचा प्रबंध आपल्याच कामातल्या एखाद्या खऱ्या समस्येवर बेतला आहे. हार्वर्डने २०१० मध्ये सुरू केलेल्या एड.एल.डी. या शैक्षणिक नेतृत्वाच्या डॉक्टरेटमध्ये तर तिसरं वर्ष सगळं प्रत्यक्ष संस्थेत काम करण्याचं असतं.

एड.डी. रखडते ती बहुधा वर्ग संपल्यावर. आपल्याच शाळेत संशोधन करायचं म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन-नीती मंडळाची मंजुरी, डिस्ट्रिक्टची वेगळी मंजुरी, आणि मुलं सहभागी असतील तर पालकांची संमती व शिवाय मुलाची स्वतःची. मंडळ पहिला प्रश्न विचारतं तो असा: तुम्ही व्हाइस प्रिन्सिपल आहात, तर तुमच्या हाताखालचा शिक्षक मुलाखतीला नाही म्हणू शकेल का? त्यावर उत्तर हवं: मुलाखती दुसरी व्यक्ती घेईल, किंवा प्रश्नावली निनावी असेल, किंवा अभ्यास दुसऱ्या शाळेत होईल. मंजुरीच्या तारखेआधी संशोधन म्हणून गोळा केलेली माहिती प्रबंधात वापरता येत नाही. त्यामुळे सप्टेंबरात शाळा सुरू होताच प्रश्नावली द्यायची असेल, तर मंडळाकडचा अर्ज आधीच्या वसंत सत्रातच गेलेला असावा लागतो.